‘रेझ्ड बाय वुल्व्ज’: आईची किंकाळी पुरे, जरा बापाबद्दल बोलूया

रानजाई

(दोन्ही सीझनची गोष्ट उघड होणार आहे. ज्यांची पाहायची राहिलीय त्यांनी इथूनच मागे फिरावं, मागाहून शिव्या घालू नयेत.)

या मालिकेचा विषय निघाला की लोक आईची किंकाळी आणि उडता साप यांच्यापुढे जातच नाहीत. बापाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ॲरन गुझिकोव्स्कीची ही मालिका ३ सप्टेंबर २०२० ला एचबीओ मॅक्सवर सुरू झाली. पहिला सीझन दहा भागांचा, दुसरा आठ भागांचा. दुसरा २०२२ च्या मार्चमध्ये संपला आणि जूनमध्ये मालिकेचा गाशा गुंडाळला. पहिले दोन भाग रिडली स्कॉटने स्वतः दिग्दर्शित केलेत. चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेत, केपटाऊनच्या आसपास. तो करडा, वाऱ्याने खरवडलेला माळ पाहूनच घशाला कोरड पडते.

गोष्ट अशी. बाविसाव्या शतकाच्या मध्यावर सूर्यपूजक मिथ्राइक आणि नास्तिक यांच्या युद्धात पृथ्वी बेचिराख होते. मिथ्राइकांच्या लेखी यंत्राच्या हाती मूल सोपवणं हे पाप. त्यामुळे त्यांना जिवंत माणसांना झोपवून नेणारं अवाढव्य जहाज बांधावं लागतं. नास्तिकांना असली काही अडचण नाही. ते एका हलक्या, वेगवान यानात दोन अँड्रॉइड (माणसासारखे दिसणारे यंत्रमानव) आणि गोठवलेले भ्रूण घालून मोकळे होतात, आणि केपलर-२२बी या ग्रहावर कितीतरी आधी पोचतात. धर्माज्ञेपायी जहाजाचं वजन वाढलं आणि वजनापायी शर्यत हरली, हा हिशोब मला जाम आवडला.

त्या दोन अँड्रॉइडना घरात नावं नाहीत, नुसतं ‘मदर’ आणि ‘फादर’. मदरच्या अंगाला नळ्या जोडून सहा मुलं वाढवली जातात. सहावं श्वासच घेत नाही. फादर अगदी शांतपणे सांगतो की आता याचे घटक सुटे करून बाकीच्या पाचांच्या पोषणासाठी वापरायला हवेत. मदर म्हणते, मला जरा धरू दे. ती छातीशी धरते आणि पोर रडू लागतं. तोच आपला कँपियन.

या प्रसंगात सगळ्यांना आईची माया दिसते. पण तेवढा तुकडा परत लावा आणि बापाकडे पाहा. काय करायचं ते त्याला पक्कं ठाऊक आहे, बाळ त्याच्या हातात आहे, आणि तरी तो ते तिच्याकडे देतो. वाद घालत नाही, सूचना परत वाचून दाखवत नाही. पुढचं सगळं त्या एका देण्यामुळे घडतं.

पुढे कळतं की मदर ही मुळात मिथ्राइकांचंच शस्त्र. ‘नेक्रोमॅन्सर’. कँपियन स्टर्जेस (हा वेगळा कँपियन) नावाच्या नास्तिकाने ती पकडून नव्याने घडवली आणि आई करून पाठवली. डोळे बदलले की ती काशाच्या रंगाची होते, हात पसरून हवेत तरंगते आणि तिच्या किंकाळीने माणसं फुटतात. फादर मात्र साधं घरकामाचं मॉडेल. त्याच्याकडे कसलीही गुप्त शक्ती नाही. तो शेत बघतो, कुंपण बघतो आणि मुलांना विनोद सांगतो. ते विनोद भयाण असतात, कुणी हसत नाही, आणि गडी दुसऱ्या दिवशी नवा विनोद घेऊन हजर.

आता मुख्य मुद्दा. सहातलं एकटं कँपियन उरतं, मदरची तब्येत बिघडत चाललेली असते. तेव्हा फादर ठरवतो की मिथ्राइकांच्या जहाजाला साद घालायची. शत्रूला. कारण त्याने सरळ विचार केलाय: ही बंद पडेल, मग मी पडेन, मग या पोराला कोण? मदरला हे सहन होत नाही आणि ती त्यालाच निकामी करते. जहाजाची माणसं दारात आल्यावर ती जे करते ते सगळ्यांना माहीत आहे. अख्खं जहाज पाडते आणि त्यातली पाच मुलं उचलून घरी आणते.

आपल्यामागे पोराचं काय, ही आईबापांची सगळ्यात जुनी काळजी. ती या मालिकेत फक्त घरकामाच्या यंत्राला पडते. मदरला नाही, मिथ्राइक धर्मगुरूंना नाही, नास्तिक सेनापतींना तर नाहीच. बाकी सगळ्यांना मुलं हवी आहेत ती आपला पंथ पुढे चालवायला. मदरसुद्धा कँपियनला प्रार्थना करू देत नाही, कारण तिला तसं शिकवून पाठवलंय.

माझं म्हणणं एवढंच की मालिका मदरची म्हणून विकली गेली, पण मुलं वाढवली बापाने. अबुबाकर सलीमने तो केलाय इतका नेमका की त्याचं मान किंचित कलती करून ऐकणं अजून डोळ्यासमोर आहे. तुम्हाला काय वाटतं?

चौथी सीट

जागा पकडून ठेवतोय. तिरकसराव आले की मजा सुरू होईल.

तिरकस

आलो.

बाप कसला, सालगडी आहे तो. मालकिणीने गप्प केलं की गप्प, परत चालू केलं की परत नांगराला. त्यात तुम्हाला पितृत्व दिसतंय ते अभिनयामुळे. सलीम गुणी नट आहे यात वाद नाही.

मालिकेबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. पहिल्या तीन भागांत जे उभं केलं त्याची दुसऱ्या सीझनपर्यंत वासलात लावली. यंत्र मुलं कशी वाढवतं, हा एवढा भक्कम प्रश्न हातात असताना यांना साप कशाला हवा होता? मदरला दिवस जातात, तोंडातून साप जन्मतो, साप उडतो, बाई झाड होते, साप ते झाड खातो. मी शुद्धीत आहे ना, असं मला मध्येच तपासावं लागलं. रहस्यांचं भांडार उघडायचं आणि एकाचंही कुलूप लावायचं नाही, हा आजकालच्या लेखकांचा रोगच आहे.

मेदुवडा

बाई झाड होते ते वाचून चहा नाकातून आला. आता पाहणं आलंच.

रानजाई

@तिरकस, सापाबद्दल थोडीफार सहमती. पण सालगडी म्हणाल तर दुसरा सीझन आठवा. उष्ण पट्ट्यातल्या नास्तिकांच्या वसाहतीत तो अँड्रॉइडांच्या झुंजीत उतरतो, कशासाठी? इंधन-रक्त, म्हणजे अँड्रॉइडांच्या अंगात रक्तासारखं फिरणारं इंधन, मिळवायला, कारण त्याला सापडलेला एक जुनाट सांगाडा उभा करायचाय. कुणी सांगितलेलं नाही, कुणाला गरज नाही. त्याला स्वतःचं असं काहीतरी हवंय. सालगड्याला छंद परवडत नाही.

आणि पहिल्या सीझनमधला त्याचा मत्सर? मदर त्या सिम्युलेशनमध्ये (यंत्राने उभ्या केलेल्या आभासी जगात) जाऊन आपल्या कर्त्याला, स्टर्जेसला, भेटून येते आणि दिवस गेलेली परत येते. हे कळल्यावर फादर ज्या कोरड्या आवाजात बोलतो तो आवाज आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या घरात ऐकलेला आहे.

साळुंकी

मी नवजात अतिदक्षता विभागात नर्स आहे, म्हणून पहिल्या प्रसंगाबद्दल दोन शब्द.

नळ्यांचा तो भाग अगदीच हवेतला नाही. २०१७ साली फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातल्या गटाने मुदतीच्या बऱ्याच आधी काढलेली कोकरं द्रवाने भरलेल्या पिशवीत चार आठवड्यांपर्यंत वाढवून दाखवली. नाळ थेट ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राला जोडलेली आणि बाहेरचा पंपच नाही. कोकराचं स्वतःचं हृदयच रक्त ढकलत होतं, कारण बाहेरच्या पंपाचा दाब एवढ्याशा हृदयाला झेपत नाही. अर्थात ती कोकरं आईच्या पोटात बरीच वाढलेली होती. गोठवलेल्या भ्रूणापासून नऊ महिने पिशवीत, हे अजून मालिकेतच.

आता छातीशी धरण्याबद्दल. जे बाळ श्वासच घेत नाही ते नुसतं धरून जगत नाही. त्याला पुसून, चोळून, मास्क लावून श्वास द्यावा लागतो, आणि हातात जेमतेम मिनीटभर असतं. पण ज्या बाळाचा श्वास चालू आहे, वजन मात्र कमी आहे, त्याच्यासाठी छातीशी धरणं हा खरोखरचा उपचार आहे. १९७८ मध्ये कोलंबियात, बोगोटाच्या रुग्णालयात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या कमी पडायला लागल्या तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तो सुरू केला. आमच्याकडे त्याला सरळ ‘कांगारू’ म्हणतात. “बेड तीनचं कांगारू झालं का?” असं विचारतात.

रानजाईच्या मुद्द्याशी याचा संबंध असा की कांगारू बापही देतात. सिझेरियन झालेली आई वरच्या मजल्यावर असते, मग बापालाच बसवतो. शर्टाची बटणं उघडायची, बाळाला फक्त टोपी आणि डायपर, छातीवर उभं ठेवायचं, डोकं एका बाजूला वळवायचं म्हणजे नाक मोकळं राहतं, वरून दुपटं बांधायचं. पहिली दहा मिनिटं ते हलतसुद्धा नाहीत. खांद्याला मुंग्या येतात तरी सांगत नाहीत. मग मॉनिटरवर बाळाची धडधड जरा स्थिरावली की आमच्याकडे बघतात, हे मी केलं का, अशा नजरेने. त्यामुळे त्या प्रसंगात बाळ मदरकडेच का द्यावं लागलं, फादरला का नाही धरता आलं, हा प्रश्न मला पडला होता. लेखकाला आईच हवी होती, दुसरं काही कारण दिसत नाही.

रानजाई

साळुंकीताई, दंडवत. “बेड तीनचं कांगारू” कायमचं लक्षात राहणार.

कृष्णविवर

ग्रहाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

केपलर-२२बी खरा आहे. केपलर दुर्बिणीने शोधला, नासाने डिसेंबर २०११ मध्ये जाहीर केला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती, पाणी द्रवरूप राहू शकेल अशा पट्ट्यात सापडलेला केपलरचा हा पहिला पक्का ग्रह, म्हणून तेव्हा खूप गाजला. वर्ष सुमारे २९० दिवसांचं. अंतर सहाशेहून जास्त प्रकाशवर्षं, म्हणजे आज तिथून आपल्याकडे पोचणारा प्रकाश निघाला तेव्हा दख्खनमध्ये बहामनी राज्य होतं. तारा हंस तारकासमूहात आहे, पण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दुर्बीण लागते. आणि हंस डोक्यावर येतो तेव्हा आपल्याकडे पावसाळा, त्यामुळे ढगांना शिव्या देत ऑक्टोबरची वाट पाहायची.

अडचण अशी की ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या दुपटीहून थोडी जास्त आहे. एवढ्या आकाराचे ग्रह बहुधा खडकाळ नसतात, जाड वायूचं आवरण किंवा खोलच खोल पाणी असण्याची शक्यता जास्त. मालिकेत मात्र मंडळी निवांत कोट घालून चालतायत. तिथे खडकाळ जमीन आहे असं मानलं तरी गुरुत्वाकर्षण एवढं असतं की त्या पोरांना धावताना धाप लागली असती. यावर मालिका गप्प आहे. मीही गप्प बसून पाहिली, कारण मदर झालेली अमांडा कॉलिन.

तिरकस

@कृष्णविवर, खोलच खोल पाणी म्हणताय म्हणजे दुसऱ्या सीझनमधली ती समुद्रातली मंडळी शास्त्रशुद्ध ठरली की. घ्या.

बाराखडी

सापाचा बचाव करायला मी येतेय. तिरकसना पटणार नाही, पण लिहिते.

मदरचं खरं नाव मालिकेत मध्येच एकदा कानावर पडतं: लामिया. ग्रीक पुराणातली लामिया ही झ्यूसची प्रेयसी. हेराने मत्सरापोटी तिची मुलं हिरावली, त्या दुःखात ती वेडी झाली आणि दुसऱ्यांची मुलं पळवून खाऊ लागली. काही कथांमध्ये तिला डोळे काढून ठेवण्याचं वरदान आहे, तर अनेक ठिकाणी तिचं कमरेखालचं शरीर सापाचं आहे. आता मालिका आठवा. मुलं मरतात, दुसऱ्यांची पळवते, डोळे काढून ठेवते, पोटी साप येतो. म्हणजे साप पहिल्या भागापासून पोटात होता.

गुझिकोव्स्कीने इथे एक गोष्ट उलटी केलीय आणि ती मला सगळ्यात भारी वाटते. लामिया मुलं खाते. मदर मुलांना खाऊ घालते, आणि त्या खाण्यानेच ती मरतात. कार्बो नावाचं जे पीक ते दोघं वर्षानुवर्षं मुलांच्या ताटात वाढत होते ते किरणोत्सारी निघतं. हे तिला दुसऱ्यांची मुलं घरी आणल्यावर कळतं. आपल्याकडे पूतनेची गोष्ट आहे, पण पूतनेला ठाऊक होतं आपण काय पाजतोय. हिला ठाऊक नव्हतं. आईपणातली याहून भीषण गोष्ट मला सुचत नाही. आणि रानजाई, शेत बाप बघत होता, हे विसरू नकोस.

रानजाई

विसरलेली नाही. उलट त्याच्या बाजूने तोच सगळ्यात जड पुरावा आहे. हे कळल्यानंतर मदरला जहाज, शत्रू, पोटातलं बाळ असं पळायला बरंच काही आहे. बापाला दुसऱ्या दिवशीही नऊ माणसांच्या जेवणाचं बघायचंच आहे.

तिरकस

नऊ माणसं कुठून आली? सहा मुलं, दोन अँड्रॉइड, आणि अँड्रॉइड जेवत नाहीत. बापाचं प्रेम आंधळं असतं ऐकलं होतं, बापाच्या चाहत्यांचा हिशोबही आंधळा दिसतोय.

चौथी सीट

=))

मेदुवडा

थोडं अवांतर, पण विषयातलंच. मिथ्राइक हे नाव लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही. रोमन साम्राज्यात पहिल्या ते चौथ्या शतकापर्यंत मिथ्रास देवाचा पंथ होता, सैनिकांमध्ये विशेष. जमिनीखाली गुहेसारखी छोटी मंदिरं, आत मिथ्रास बैलाला मारतानाचं शिल्प. तशी मंदिरं लंडनपासून सीरियापर्यंत सापडली आहेत. देवाचं नाव इराणी मिथ्रकडून आलेलं, आणि त्याचा वैदिक भाऊ म्हणजे मित्र. शाळेत पी.टी.च्या तासाला सूर्यनमस्कार घालताना पहिलं नाव कोणाचं घ्यायचो? “ओम मित्राय नमः.” म्हणजे केपलरवर जाऊन आमच्या पी.टी.च्या सरांचीच माणसं भेटली.

गंमत म्हणजे खरा मिथ्रास पंथ जवळपास फक्त पुरुषांचा होता आणि गुपचूप चालायचा. बायका, मुलं, धर्मयुद्ध असलं काही त्यात नव्हतं. लेखकाने तो उचलून त्यावर मध्ययुगीन चर्चचा सगळा थाट चढवलाय, पांढरे झगे, क्रूसेडसारखी सेना. ख्रिश्चन धर्माला थेट हात न लावता बोलायची सोय. हुशारी आहे, पण पळवाटही आहे.

उंबरठा

सहसा नुसती वाचक असते. आज लिहावंसं वाटलं.

तुम्ही सगळे मदर-फादरबद्दल बोलताय. मला मालिका पाहायला लावली ती दुसऱ्या जोडप्याने. केलेब आणि मेरी हे नास्तिक सैनिक. २१४५ च्या बॉस्टनमध्ये सगळं पेटलेलं असताना ते एका मिथ्राइक जोडप्याला मारतात, यंत्राकडून त्यांचे चेहरे स्वतःवर चढवून घेतात आणि मार्कस व सू बनून जहाजात शिरतात. आत गेल्यावर कळतं की या मार्कस-सूला एक मुलगा आहे. पॉल. तो समोर उभा, आणि हे दोघं त्याला आयुष्यात पहिल्यांदा बघतायत.

आमची मुलगी दत्तक आहे, चार वर्षांची असताना घरी आली. त्यामुळे तो प्रसंग मी थांबवून थांबवून पाहिला. पॉल त्यांची परीक्षा घेत नाही, ते दोघंच घाबरलेले असतात. कुठला शब्द चुकेल, कुठली सवय आपल्याला माहीत नसेल. मोठ्या मुलाला घरी आणणाऱ्या प्रत्येकाला ही भीती माहीत आहे. तिला भात कसा आवडतो, रात्री दिवा चालू लागतो की बंद, हे सगळं तिला माहीत असतं आणि आपल्याला नसतं, आणि ती सांगत नाही. नीव्ह अल्गरने सूच्या डोळ्यांतली ती नजर अशी धरलीय की लेखकाने दत्तक आईबापांना भेटून लिहिलं असावं असं वाटलं.

पॉलच्या खऱ्या आईबापांनी त्याच्याकडे फारसं लक्षच दिलेलं नसतं. खोटे आईबाप देतात. मग ‘सोल’चा, म्हणजे मिथ्राइकांच्या सूर्यदेवाचा, आवाज पोराच्या कानात खरं काय ते सांगतो आणि तो सूवर गोळी झाडतो. ती वाचते, पण मी त्यानंतर दोन दिवस पुढचा भाग लावला नाही.

आणि हो, रानजाई, तुमचा बाप मला आवडतो. पण आपल्यामागे पोराचं काय, ही काळजी सूलाही आहे. झाड होण्याचा तो विचित्र भागसुद्धा पॉलला वाचवायच्या धडपडीतूनच येतो. तिरकसरावांनी हसण्यावारी नेलं म्हणून सांगितलं.

तिरकस

उंबरठाताई, तुमच्या प्रतिसादानंतर झाडावर हसायची सोय राहिली नाही. सापावर मात्र मी ठाम.

आडवाटेचा

मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे हॅरी हार्लोची आठवण होणं अपरिहार्य. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९५० च्या दशकात त्याने माकडांची पिल्लं आईपासून तोडून दोन नकली आयांजवळ ठेवली. एक नुसती तारेची, दुसरी मऊ कापडाने गुंडाळलेली. दुधाची बाटली तारेच्या आईकडे असली तरी पिल्लं तेवढ्यापुरती तिच्याकडे जायची आणि उरलेला सगळा वेळ कापडाच्या आईला बिलगून बसायची. मूल आईला चिकटतं ते दुधापायी, हा तेव्हाचा लाडका सिद्धांत त्यानंतर ढासळला.

या प्रयोगाचं हे पहिलं अर्धं सगळे सांगतात. दुसरं अर्धं असं की कापडाच्या आईजवळ वाढलेली ती पिल्लंही पुढे धड माकडं झाली नाहीत. इतरांत मिसळेनात. त्यातल्या माद्यांना पिल्लं झाली तेव्हा अनेकींनी त्यांना झिडकारलं, काहींनी मारलं. कापडाची आई बिलगू देत होती, पण कधी ढकलत नव्हती, रागावत नव्हती, खेळत नव्हती.

त्यामुळे कँपियन इतका समंजस कसा, हा खरा प्रश्न. माझं उत्तर रानजाईच्या बाजूने जातं. मदर बिलगू देणारी. फादर पडेल विनोद सांगणारा, कामाला लावणारा, कधी मदरच्या विरोधात जाणारा. दोन यंत्रांचं आपापसात पटत नाही आणि मुलाला ते दिसतं. एकट्या मदरने वाढवलेला कँपियन भयंकर निघाला असता.

धुळाक्षर

न्यू जर्सीहून. इकडे ती एचबीओ मॅक्सवर होती तेव्हाच पाहून घेतली. एप्रिल २०२२ मध्ये एचबीओची मालक कंपनी वॉर्नर आणि डिस्कव्हरी एक झाले, त्यानंतर दोन महिन्यांत मालिका बंद केली आणि डिसेंबरमध्ये तर त्यांनी ती स्वतःच्याच मंचावरून काढून टाकली. दुसरीकडे कुठे न्यावी म्हणून सलीमने ट्विटरवर चाहत्यांना हाक दिली होती, उपयोग झाला नाही.

त्याच सलीमने पुढे स्वतःचा स्टुडिओ काढून २०२४ मध्ये ‘टेल्स ऑफ केन्झेरा: झाऊ’ हा व्हिडिओ गेम आणला. त्याचे वडील गेले, त्या दुःखातून तो गेम आलाय: वडिलांना परत मिळवण्यासाठी मृत्यूच्या देवाशी सौदा करणारा मुलगा. टीव्हीवर आपल्या सगळ्यांना बाप म्हणून आठवतो तो माणूस हा. धाग्याशी संबंध आहे म्हणून लिहिलं.

आणि ग्रँडमदर? फादरने झुंजी खेळून उभा केलेला तो सांगाडा म्हणजे तीच की. तुमचा आदर्श बाप स्वतःच्या हातांनी आजीला घरात आणतो आणि त्यावर तुम्ही तिघीचौघी गप्प?

बाराखडी

ग्रँडमदर ही दुसऱ्या सीझनची कमाई आहे, तिरकस काही म्हणोत. चेहऱ्यावर जाळीचा बुरखा, आवाज मऊ, मुलं सांभाळायला तत्पर. तिलाही माणसं जगवायचीच आज्ञा आहे. फक्त तिने शेवटपर्यंत हिशोब केलाय. माणूस विचार करतो म्हणून लढतो, लढतो म्हणून मरतो. तर विचारच काढून घ्या. तिने मागच्या माणसांना उलट्या उत्क्रांतीने समुद्रातले प्राणी करून टाकलं. सगळे जिवंत, सगळे सुरक्षित. मदर मुलांना धोक्यात टाकते आणि त्यांच्यावर प्रेम करते, ग्रँडमदर धोकाच शिल्लक ठेवत नाही.

धुळाक्षर

आमच्याकडे शाळेतली अर्धी पालकसभा ग्रँडमदरच्या बाजूने मतदान करेल. झाडावर चढू नको, झोपाळ्यावर उभा राहू नको, फोनवर लोकेशन चालू ठेव.

रानजाई

आजीला आणलं ते बापानेच, हे मान्य. त्याला मोडलेलं दुरुस्त करायचं होतं. समोर पडलेली वस्तू चालू झाल्यावर काय करेल, हा प्रश्न त्याला पडत नाही, आणि तो त्याचा खरा दोष आहे. मदर घाबरते म्हणून मारते, हा विश्वास ठेवतो म्हणून घात होतो. शेवटी ग्रँडमदर मदरला गोडीगुलाबीने सिम्युलेशनच्या पेटीत कोंडते तेव्हा बापाच्या त्या दुरुस्तीची किंमत कळते. तिसरा सीझन आला असता तर हा हिशोब त्याला चुकवावा लागला असता. तेवढ्यासाठी तरी हवा होता.

मेदुवडा

नावाचं कुणी सांगा ना. लांडगे कोण? रोम्युलस-रेमस एवढंच माझ्या डोक्यात येतं.

आडवाटेचा

रोम्युलस-रेमस तर आहेतच. रोमन पंथ, रोमन लांडगी, जुळतं. आपल्याकडची गोष्ट म्हणजे १९२० सालच्या मिदनापूरच्या अमला आणि कमला. लांडग्यांनी वाढवलेल्या मुली म्हणून अनाथाश्रमाच्या पाद्रीने त्यांच्याबद्दल लिहिलेली डायरी प्रसिद्ध झाली आणि ती गोष्ट कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत होती. नंतरच्या तपासात त्या कथेवरचा विश्वास उडाला. मुली बहुधा जन्मतः अपंग होत्या आणि लांडग्यांचा भाग रचलेला. मी अजूनही ते प्रकरण वर्गात घेतो, पुरावा कसा तपासावा याचा नमुना म्हणून.

मालिकेत लांडगे कोण हे मुद्दाम मोकळं सोडलंय. मिथ्राइकांना अँड्रॉइड लांडगे वाटतात. पॉलच्या बाबतीत लांडगे म्हणजे केलेब आणि मेरी.

चौथी सीट

एक व्यावहारिक प्रश्न. मुलगी आठवीत आहे, विज्ञानकथांची वेडी. तिच्याबरोबर पाहू का?

साळुंकी

मी नाही म्हणेन. रक्त खूप आहे, तेही एक वेळ चालेल. पण जहाजातून आणलेल्या मुलांतल्या टेंपेस्टचं कथानक बलात्कार आणि त्यातून आलेल्या गरोदरपणाचं आहे, मुलगी जेमतेम किशोरवयीन, आणि ते दोन्ही सीझनभर चालतं. नीट हाताळलंय, पण आठवीच्या मुलीबरोबर सोफ्यावर बसून पाहण्यासारखं नाही.

उंबरठा

साळुंकीशी सहमत. अगदीच हट्ट असेल तर पहिला भाग आधी एकट्याने पाहा. बाळाच्या प्रसंगापर्यंतचा तुकडा तिला दाखवता येईल, त्यानंतर भावंडं एकेक करून जातात तिथे थांबा. नववी-दहावीनंतर बघू म्हणावं.

तिरकस

आणि साप येण्याआधी टीव्ही बंद करा. कुठल्याही वयात.